आंगमोचा अपराध

“पण तिला खरं काय ते तुम्ही सांगत का नाही?”

डॉ. केळुसकर तावातावाने विचारत होते. स्पितीतल्या त्या उंचावरच्या गावी ते दर उन्हाळ्यात हिमनदी मोजायला येत. बरोबर तीन पेट्या यंत्रं. ज्ञानाची घमेंड मात्र कुठल्याच पेटीत मावत नसे.

म्हातारे लामा चहा ढवळत राहिले.

मठाच्या खिडकीतून आंगमो दिसत होती. गुडघ्यांना कातडं बांधून ती हिमनदीकडे तोंड करून दंडवत घालत होती. अकरा वर्षांपूर्वी तिने काजळी धरलेलं भांडं गावाच्या झऱ्यात धुतलं. त्याने देवता कोपली आणि बर्फ मागे सरकू लागला, असं सगळं गाव म्हणे. तीही तसंच मानी. आता झऱ्याला करंगळीएवढी धार उरली होती. शेतात जव करपले होते. पुढच्या वर्षी गाव उठणार हे जवळजवळ ठरलंच होतं.

“शहराशहरांतला धूर आहे हा, लामाजी! त्या बाईचा काय दोष? गुडघे फुटलेत तिचे.”

“मग तूच सांग,” लामा म्हणाले आणि त्यांनी आंगमोला आत बोलावलं.

डॉक्टरांनी पोटतिडकीने समजावलं. नकाशे दाखवले, आकडे सांगितले. ती मन लावून ऐकत होती.

“म्हणजे माझ्या भांड्यामुळे नाही, साहेब?”

“मुळीच नाही.”

“मग मी माफी मागून बर्फ परत यायचा नाही?”

“नाही...”

“दुसरं काही? माझ्या हातून होण्यासारखं?”

डॉक्टर नकाशे गुंडाळू लागले.

बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, ती मोकळं हसेल, असं डॉक्टरांना वाटलं होतं. तिने सावकाश गुडघ्यांवरची कातडी सोडली. तिथेच जमिनीवर ठेवली. मग भिंतीला टेकून बसली ती बसलीच. रडलीसुद्धा नाही. खरं सांगायचं तर तिच्याकडे बघवत नव्हतं.



“मी खोटं नाही बोललो, लामाजी.”

“नाही. एक अक्षरही नाही.”



मग लामा उठले. त्यांनी ती कातडी उचलली, धूळ झटकली आणि डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवली.

“आता माफी कुणी मागायची, तेवढं सांग.”