एकोणीस खजूर

पूर्वी वाळवंटाच्या कडेला पीलुवट नावाचे नगर होते आणि विजितसेन राजा तेथे राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने त्याच नगरात एका वैद्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव धृतिल. वडिलांमागे तो नगराचा वैद्य झाला.

पीलुवटला खजुराची मोठी बने होती आणि तिथले लोक खजुरावर जीव टाकत. कुणाला शिंक आली तरी खजूर, कुणाचे लग्न ठरले तरी खजूर. धृतिल त्यांना हसत असे, पण खजुराचा मान त्याच्याही मनात मोठा होता. हे फळ मधुर आहे, थंड आहे, स्निग्ध आहे, असे तो शिष्यांना शिकवी. श्रमाने मोडलेल्याला ते उभे करते, अंगाचा दाह शमवते, क्षयाने वाळलेल्याच्या अंगावर मांस चढवते. बाळंतिणीला तो दुधात शिजवलेली खारीक देई आणि उन्हातून आलेल्याला खजूर, मनुका आणि डाळिंबाचे दाणे पाण्यात घुसळून देई. एवढे सांगून झाले की तो न चुकता म्हणे की खजूर पचायला जड आहे. हे शेवटचे वाक्य कुणी फारसे मनावर घेत नसे, कारण गोड फळाबद्दल कडू ऐकायला कुणाला आवडते?

त्या नगरात एक रीत होती. वाळवंटातून माणूस जिवंत परतला की वेशीवरच त्याच्या सर्वांत जवळच्या माणसाने त्याला आपल्या हाताने खजूर भरवायचे. जितके दिवस तो बाहेर होता तितके खजूर, प्रत्येकात लोण्याचा गोळा. एकही कमी पडला तर त्या माणसाचा तेवढा एक दिवस वाळवंटातच राहिला, असे मानत.

एका उन्हाळ्यात राजाचा धाकटा भाऊ सुहस्त मिठाच्या तळ्याकडे तांडा घेऊन गेला. वाटेत वादळ झाले, वाट बुजली, उंट गेले, शिधा संपला. एकोणिसाव्या दिवशी बनाच्या राखणदारांना सात माणसे वाळूत पडलेली सापडली. त्यांत सुहस्त होता आणि भद्रक नावाचा उंटवाला होता. हातापायांच्या काड्या झालेल्या, ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. त्यांना खाटांवर घालून वेशीजवळच्या धर्मशाळेत आणले.

सारे नगर धर्मशाळेपुढे लोटले. प्रत्येक घरातून लोण्याने भरलेले एकोणीस खजूर आले. धृतिलने आत जाऊन सातही जणांची नाडी पाहिली, पोटावर हात ठेवला आणि बाहेर येऊन दार अडवून उभा राहिला. आतल्या कुणालाही एकही खजूर मिळणार नाही, असे त्याने सांगितले.

लोकांना आधी ते खरेच वाटेना. मग कुणी त्याला पाषाणहृदयी म्हणाले, कुणी म्हणाले की म्हाताऱ्याची बुद्धी फिरली. एवढ्यात हातात चांदीचे तबक घेऊन राजा स्वतः आला. आईवडिलांमागे त्याने सुहस्ताला अंगाखांद्यावर वाढवले होते. त्याचे डोळे भरून आले होते आणि आवाज चढला होता.

धृतिल हात जोडून म्हणाला, "महाराज, कित्येक दिवस यांच्या पोटात काही गेलेले नाही. जठरातला अग्नी विझत आलाय. विझत्या चुलीवर आपण ओला ओंडका टाकत नाही, काटक्या घालतो. आज यांना खजुराचे पाणी मिळेल, तेही शिंपल्याने. खजूर नाही."

राजाने विनवले, मग धमकावले. दोन्हींनी काम होईना तेव्हा तो म्हणाला की रीत पाळू दे, नदीकाठचे शंभर झाडांचे बन तुझ्या नावे करून देतो. धृतिलने ते ऐकून घेतले आणि दारातली जागा सोडली नाही.

हे चालले असतानाच धर्मशाळेच्या मागल्या दाराने भद्रकाची बायको रोहिका आत शिरली. दोन दिरांच्या मदतीने तिने नवऱ्याची खाट उचलून घरी नेली. धृतिलने ते मागे वळून पाहिले, पण तो राजासमोरून हलला नाही.

शेवटी राजाने तबक खाली ठेवले. उद्या दुपारपर्यंत भावाला उठून बसलेला पाहीन, नाहीतर वैद्याचे काय करायचे ते मी ठरवीन, असे म्हणून तो निघून गेला.

धृतिलने नव्या मडक्यात खजूर भिजवले, हाताने कुस्करले, कापडातून गाळले. ते पाणी तो एकेका रुग्णाच्या ओठांत शिंपल्याने सोडू लागला. एक शिंपला झाला की थांबायचे, पोट पाहायचे, मग दुसरा. गोडाची चव लागताच सुहस्त शुद्धीवर आला आणि आणखी मागू लागला. त्याला बोलता येत नव्हते, म्हणून तो खाटेच्या कडेवर बोटांनी टकटक करी आणि रडे. ते पाहून धृतिलच्या काळजाचे पाणी झाले, पण शिंपल्याचे माप त्याने वाढवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भद्रक वारला. घरी नेताच रोहिकेने त्याला एकोणीस खजूर भरवले होते. त्याने ते मिटक्या मारत खाल्ले, तिच्याकडे बघून हसला आणि काही वेळाने पोट धरून तळमळू लागला. पुढे हातपाय गार पडत गेले.

त्याला अग्नी देऊन रोहिका तशीच ओल्या कपड्यांनी धर्मशाळेत आली. तिने विचारले, "मी त्यांना नेताना तुम्ही पाहिलं होतं ना?"

"पाहिलं होतं."

"मग मला अडवलं का नाही?"

धृतिल म्हणाला, "तुझ्यामागे धावलो असतो तर हे दार उघडं पडलं असतं, म्हणून मी इथेच थांबलो. सहा राहिले. पण बाई, त्या दाराशीही माणूस ठेवायला हवा होता. ते मला सुचलं नाही. चूक माझी आहे."

रोहिकेला त्याच्या अंगावर ओरडायचे होते. पण ती भिंतीशी बसून राहिली आणि शिंपल्याने पाणी पाजणाऱ्या त्या हाताकडे पाहत राहिली.

दुपारी राजा आला. सुहस्त अजून उठून बसला नव्हता. भावाला पाहताच त्याने बोटांनी टकटक सुरू केली आणि तोंड उघडले. राजाला ते सहन झाले नाही. त्याने सेवकाकडून तबक घेतले. धृतिल सलग जागला होता, तो खाटेला धरून उठेपर्यंत राजा उंबऱ्याच्या आत आला होता.

रोहिका उठली आणि राजाच्या वाटेत उभी राहिली. सेवक तिला बाजूला करायला पुढे झाले.

ती म्हणाली, "महाराज, मी एकोणीस भरवले. एकही कमी केला नाही. माझ्या हाताने भरवले."

राजा तिच्या ओल्या कपड्यांकडे पाहत राहिला. मग भावाजवळ न जाता तो मागे फिरला आणि दाराबाहेर जमिनीवर बसला. त्या दिवसापासून दाराची राखण त्यानेच केली.

तिसऱ्या दिवशी त्या पाण्यात मनुका आल्या, पाचव्या दिवशी पातळ पेज आली. बाराव्या दिवशी सुहस्ताने मऊ भिजवलेला एक अख्खा खजूर खाल्ला. महिन्याभरात सहाही जण दुधात शिजवलेली खारीक खाऊन हिंडू फिरू लागले. राजाने बनाची गोष्ट पुन्हा काढली, तेव्हा धृतिलने ते बन वाळवंटातून येणाऱ्यांसाठी मागून घेतले आणि रोहिकेला तिथली व्यवस्था दिली. ती आयुष्यभर वेशीवर खजूर भिजवत राहिली. आलेल्यांची माणसे तिला शिव्या देत. ती ऐकून घेई, पण मागले दार आधी लावून घेई.

पुढे बुद्ध झालेल्या शास्त्यांनी ही कथा विहाराच्या रुग्णशाळेत भिक्षूंना सांगितली. आदल्या दिवशी गृहपती सुमंगल आपल्या आजारी भावासाठी, भिक्षू उत्तियासाठी, खजुराची दाट खीर घेऊन आला होता आणि रुग्णांची सेवा करणाऱ्या सुवच्छा उपासिकेने ती दारातूनच परत पाठवली होती. ही बाई निर्दय आहे, अशी कुजबुज भिक्षूंमध्ये चालली होती. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा विजितसेन राजा म्हणजे हा सुमंगल आणि सुहस्त म्हणजे उत्तिय. धृतिल वैद्य मीच होतो. आणि जी दारात उभी राहिली ती रोहिका म्हणजे ही सुवच्छा. तिला निर्दय म्हणण्याआधी, दार उघडे राहिले तर काय होते ते तिने पाहिले आहे, एवढे ध्यानात ठेवा."

सुवच्छा शिंपला घेऊन उत्तियाच्या खाटेकडे गेली.

करुणेने ज्याच्या काळजाचे पाणी होते आणि तरीही जो माप वाढवत नाही, त्याच्या त्या निश्चयाला अधिष्ठान पारमिता, म्हणजे निश्चयाची परिपूर्णता, म्हणतात.