चिमी पालीची शेपटी

ट्यूबलाइटच्या मागे कोण राहतं, ठाऊक आहे? चिमी राहते. चिमी पाल. एवढीशी. बोटाएवढी.

चिमीला शेपटी नव्हती. होती, पण गेली. त्या मेल्या मांजराने पंजा मारला. फट्. शेपटी तुटली, चिमी पळाली.

पण कुंदाताईच्या कॉम्प्युटरमध्ये शेपटी होती. कुंदाताई लग्नाच्या फिल्म जोडते. एका फिल्ममध्ये शेजारच्या घरात नवरानवरी हार घालतात, आणि मागच्या भिंतीवरून चिमी जाते. सर सर सर. लांबलचक शेपटीसकट. चिमी रोज ती फिल्म बघायची. तेवढंच सुख बिचारीला.

आज फिल्म लागलीच नाही. पडदा निळाच्या निळा. चिमी रडकुंडीला आली. सर सर सर, खाली उतरली.

"कॉम्प्युटर, कॉम्प्युटर, शेपटी दिसेना. तू चाल ना."

कॉम्प्युटर घरघरला. घुर्र घुर्र. "मी जुना झालो गं. नवी सिस्टीम बसेल, तर मी चालेन."

सर सर सर, चिमी गेली सिस्टीमकडे. कॉम्प्युटरला सगळं शिकवते ना, ती सिस्टीम. पडद्याच्या कोपऱ्यात उभी होती, अवघडून.

"सिस्टीम, सिस्टीम, कॉम्प्युटर चालेना, शेपटी दिसेना. तू बस ना."

"बसू कुठे? टेकायला जागा नाही. जुनी लग्नं हलतील, तर मी बसेन."

सर सर सर, चिमी गेली लग्नांकडे. आत दाटीवाटीने बसली होती सगळी. ढुम ढुम, ढुम ढुम.

"लग्नांनो, लग्नांनो, सिस्टीम बसेना, कॉम्प्युटर चालेना, शेपटी दिसेना. तुम्ही हला ना."

"हलून जाऊ कुठे? काळी डबी उघडेल, तर आम्ही हलू."

सर सर सर, चिमी गेली डबीकडे. टेबलावर होती. फिल्म साठवायची डबी. गप्प बसलेली.

"डबी, डबी, लग्नं हलेनात, सिस्टीम बसेना, कॉम्प्युटर चालेना, शेपटी दिसेना. तू उघड ना."

"मला वायर कुठे जोडली आहे? अडकलेली वायर सुटेल, तर मी उघडेन."

सर सर सर, चिमी गेली वायरकडे. वायर खुर्चीवर होती. नुसतं टोक दिसत होतं.

"वायर, वायर, डबी उघडेना, लग्नं हलेनात, सिस्टीम बसेना, कॉम्प्युटर चालेना, शेपटी दिसेना. तू सूट ना."

"कशी सुटू? वर बघ. मांजर उठेल, तर मी सुटेन."

चिमीने वर बघितलं. तेच मांजर. घोर्र घोर्र, वायरवरच झोपलेलं. चिमी दोन पावलं मागे सरकली. पण शेपटी बघायची होती ना. मग ती लांबूनच म्हणाली,

"मांजरा, मांजरा, वायर सुटेना, डबी उघडेना, लग्नं हलेनात, सिस्टीम बसेना, कॉम्प्युटर चालेना, शेपटी दिसेना. तू ऊठ ना."

मांजराने एक डोळा उघडला. "कुंदाताई बोलावेल, तर मी उठेन." आणि मिटला परत.

सर सर सर, चिमी गेली कुंदाताईकडे. कुंदाताई कपाळाला हात लावून बसली होती. सकाळपासून वायर शोधून शोधून दमली. चहावर साय धरली. उद्या नवरीची आई न्यायला येणार, आणि फिल्म अडकली आत.

"कुंदाताई, कुंदाताई, मांजर उठेना, वायर सुटेना, डबी उघडेना, लग्नं हलेनात, सिस्टीम बसेना, कॉम्प्युटर चालेना, शेपटी दिसेना. तू बोलाव ना."

कुंदाताईला पालीची भाषा कुठली यायला? तिने मानही वर केली नाही.

"संपलं सगळं," ती म्हणाली.

आता कोणाकडे जायचं? कोणी उरलंच नव्हतं. चिमीला हुंदका आला. भिंतीवर डोकं टेकून ती रडली. चुक चुक चुक.

पाल चुकचुकली की मोठी माणसं काय करतात? बोटांनी टकटक करतात, आणि म्हणतात, कृष्ण कृष्ण. कुंदाताईनेही केलं. बशीवरच केलं. टक टक टक. कृष्ण कृष्ण.

मांजराला वाटलं, दुधाला बोलावलं.

मांजर उठलं. वायर सुटली. "अगं बाई, ही इथे होय," कुंदाताई म्हणाली, आणि तिने वायर जोडली. डबी उघडली. लग्नं हलली, ढुम ढुम, ढुम ढुम, एकामागून एक. सिस्टीम बसली. बसली कसली, बसतच राहिली. पडद्यावर पांढरी रेघ सरकायची, थांबायची. सरकायची, थांबायची. चिमीला वाटलं, गेली फिल्म. कुंदाताईलाही तसंच वाटलं.

टिंग. कॉम्प्युटर चालला. नवरीने हार घातला. मागच्या भिंतीवरून, सर सर सर, शेपटी दिसली.

चिमीने ती डोळे भरून पाहिली. कुंदाताईनेही पाहिली. मग भिंतीवर बघून म्हणाली, "ही तूच ना गं? आणि मागे काय फुटलंय तुला?"

चिमीने मागे वळून बघितलं. शेपटी गेल्यापासून तिने मागे बघितलंच नव्हतं. होतं तिथे काहीतरी. तांदळाच्या दाण्याएवढं.

तिने ते हलवलं. हललं.