घंटेवरचा हात

इनामदारांनी देवीला घंटा वाहायचं ठरवलं आणि सखोबा ओताऱ्याच्या जिवावर बेतलं. ओतताना धातू कमी पडला, तेव्हा त्याने मेलेल्या बायकोची काशाची थाळीसुद्धा मुशीत टाकली होती. घरात तिची तेवढीच एक वस्तू उरली होती.

गावाचा रिवाज असा, की पहिल्या टोलाआधी यजमानाने घंटेला हात लावून बाजूला व्हायचं. इनामदार कसले बाजूला होतात! दोन्ही पंजे घंटेवर दाबून ते तसेच उभे राहिले. पुजाऱ्याने टोल दिला आणि मडक्यावर काठी मारावी तसा नुसता ‘भद्द’ आवाज आला.

“चोरा, धातू खाल्लास!” इनामदार गरजले. “तोडा याचे हात! याच्या बाजूने कुणाला बोलायचंय?”

सगळ्यांनी सगळं पाहिलं होतं, पण माना खालीच राहिल्या. सखोबाला वाटलं, आता जगून तरी काय करायचं? मग भीतीही उरली नाही.

“सरकार, काशात खोट नाही. ते थरथरतं तेव्हा नाद उठतो. वर हात दाबला की थरथर तिथल्या तिथे मरते. हात काढून बघा.”

इनामदारांनी चिडून हात काढले. टोल पडला. नाद नदीपार गेला आणि कितीतरी वेळ घुमत राहिला.

इनामदार ओशाळले, तरी गुरकावलेच, “मग हे गाव का नाही बोललं? त्याच्यावर कुठे होता माझा हात?”

सखोबाने खाली घातलेल्या मानांकडे पाहिलं.

“घंटेवरचा दिसत होता, सरकार. म्हणून काढा म्हणता आलं.”