कड्याखाली झाडलेली सडक

खर्र… खर्र…

डांबरावर खराटा घासल्याचा तो आवाज ऐकून आता पुष्कळ वर्षं झाली. सकाळी घाटात धुकं असायचं. झाडणारा दिसायचा नाही. नुसता आवाज वर खिंडीत यायचा.

त्या दिवशी तो मधेच थांबला आणि कुणीतरी विचारलं,

"आजोबा, सडक कसली झाडताय? हे काय अंगण आहे?"

मी चहाचा पेला घेऊन खाली निघालो होतो. खिंडीत माझी टपरी होती. तिथून शंभर पावलांवर सडक कड्याखाली वळते. सकाळचा पहिला चहा मी रोज त्या वळणावर नेऊन द्यायचो. गेनूबाला.

गेनूबा आमच्या घाटाचा मैलकुली. तीन मैल सडक त्याच्या ताब्यात. पडलेले दगड बाजूला करायचे, सडकेखालच्या मोऱ्या मोकळ्या ठेवायच्या, कडेच्या धोंड्यांना चुना लावायचा, हे त्याचं काम. बोलायचा थोडं. पण आमच्या कारवंदी गावात कुणाचं काही अडलं, घरात भांडण झालं, लेक सासरहून परत आली, की माणूस घाट चढून त्याच्यापाशी यायचा. मोरीच्या कठड्यावर त्याच्याशेजारी बसायचा. आणि परत जायचा.

विचारणारा मुलगा पुण्याचा. निनाद त्याचं नाव. पंचविशीचा असेल. अंगात घट्ट पिवळा सदरा, डोक्याला शिरस्त्राण, आणि सायकल अशी हलकी की दोन बोटांनी उचलावी. आमच्या डोंगराभोवती सायकलीनं हिंडायच्या वाटांचं तो पुस्तक करत होता. धरणाच्या कडेची वाट, देवराईची, सड्याच्या पठारावरची, अशा पाच वाटा त्यानं पुऱ्या केल्या होत्या. कुठं किती चढ, किती अंतर, किती वेळ, सगळं वहीत लिहिलेलं. सहावी वाट म्हणजे हा घाट. पुस्तक दुसऱ्या दिवशी छापायला जायचं होतं. रविवारी त्याच्या मंडळाची तीस माणसं ते हातात घेऊन येणार होती.

"परवा अठरा मिनिटांत खाली गेलो," तो म्हणाला. "आज सतरा. तेवढा आकडा लिहिला की पुस्तक झालं. जरा बाजूला व्हा, आजोबा."

गेनूबा बाजूला झाला नाही. वाकला. सडकेवरून तीन खडे वेचले आणि पोराच्या तळहातावर ठेवले.

"आज नगं."

"का?"

"हे राती आलं."

"हे तीन खडे?"

"काल एक व्हता. परवा एकबी नव्हता."

निनाद माझ्याकडं बघून हसला. "काका, हे रोज खडे मोजतात?"

मोजायचा खरा. संध्याकाळी सडक लख्ख झाडून घरी जायचा. सकाळी येऊन बघायचा, रात्रीत काय आलं. मग पुन्हा झाडायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्याला स्वच्छतेची हौस.

"झाडल्याबिगर कसं कळंल," गेनूबा म्हणाला, "कालचं कोणतं न् आजचं कोणतं?"

"आजोबा, मी हिमालयात सायकल चालवलीय. बर्फात."

"आसंल. त्यो मोठा डोंगर." गेनूबानं चहाचा घोट घेतला. "ह्यो आपला बारका. बारक्याला राग लवकर येतो."

पोरगं हसलं. पण पाय पायडलवर चढवलाच त्यानं.

गेनूबानं अडवलं नाही. हात धरला नाही. हातातला खराटा तेवढा सडकेवर आडवा ठेवला आणि कठड्यावर जाऊन बसला.

निनादचा पाय तसाच राहिला…

"हे बरोबर नाही, आजोबा," तो म्हणाला. "केरसुणी ओलांडलेली आमच्या आजीला चालायची नाही."

"मग बस की. आजी कशाला दुखवतोस?"

तो बसला. रागातच बसला. कठडा वळणाच्या अलीकडं होता, कड्यापासून लांब. मी त्याला चहा आणून दिला. तो सारखा मनगटावरच्या घड्याळात बघायचा. मग वही काढायचा, चाळायचा, ठेवून द्यायचा.

"किती वेळ बसायचं?"

गेनूबानं पेल्यातला उरलेला चहा संपवला.

"कशासाठी बसायचं, ते तरी सांगा."

गेनूबा वर धुक्याकडं बघत राहिला.

ऊन वर आलं. धुकं आधी पायथ्यातून सुटलं, मग झाडांतून. मग पडदा सरकावा तसं सरकत गेलं आणि समोर कडा उघडा झाला.

मला नीट सांगता येणार नाही. मी शिकलेला नाही. माझा जन्म त्या कड्याखालीच गेला. पण रोज तिथं चहा घेऊन येणारा मी, त्या दिवशी मान वर केली ती मला खाली घेता येईना. काळा पत्थर, आणि तो वर, वर, अजून वर. मधेच एक पाण्याची रेघ, उन्हात चांदीसारखी. आग्यामोहळाची पोळी कपारीला लटकलेली, एकेक परातीएवढं. त्यांच्या खालून पाकोळ्या थव्यानं सुटायच्या, शंभर, दोनशे, आणि एवढ्या मोठ्या कड्यापुढं त्या ओंजळीतून उडवलेल्या तिळांसारख्या दिसायच्या. आणि ते सगळं गप्प. एवढं मोठं काहीतरी इतकं गप्प कसं राहू शकतं, असं मनात आलं आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

निनादनं डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं. कुणी सांगितलं नव्हतं.

"हा… हा इथंच होता?"

"तू आल्यावर आनला व्हय आम्ही?" गेनूबा म्हणाला.

"पण मी पाचही वाटांना इथूनच आलो-गेलो."

"मोप लोक जात्यात."

मग आम्ही तिघंही बसून राहिलो. आता पोरगं घड्याळात बघत नव्हतं.

टक्.

एक खडा. झाडलेल्या डांबरावर पडला, उडाला, दरीत गेला.

गेनूबानं मान थोडी कलती केली.

टक्. टक् टक्.

मग काहीच नाही. पाकोळ्या एकदम दिसेनाशा झाल्या…

आणि कड्याच्या पोटातून एक धोंडा सुटला. आवाज न करता सुटला. खाली यायला त्याला फार वेळ लागला असं मला अजून वाटतं. वळणाच्या आतल्या अंगाला तो आदळला आणि माझ्या बुडाखालचा कठडा हलला. धूळ उठली. हंड्याएवढा धोंडा होता. डांबरात खड्डा करून तिथंच बसला.

धूळ हळूहळू विरली.

"वळण मी तिथूनच घेतो," निनाद हळू म्हणाला. "आतल्या बाजूनं. ब्रेक न लावता." त्यानं वहीवर बोट ठेवलं. "तसंच लिहिलंय मी. आतून घ्या म्हणून. तीस जणांसाठी…"

गेनूबानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. काळा, चुन्यानं फुटलेला हात. ठेवला आणि काढून घेतला.

मग तो उठला. वर कड्याकडं टक लावून बघत राहिला, आपल्या घरातला म्हातारा माणूस झोपलाय की जागा आहे, हे बघावं तसा. बऱ्याच वेळानं वळणावर गेला. धोंडा पहारीनं ढकलत कडेला नेला. मग खराटा उचलून सगळी बारीक खडी आणि धूळ झाडून काढली, एक खडासुद्धा राहू दिला नाही, आणि येऊन खराटा पुन्हा होता तसा आडवा ठेवला.

"अजून?" निनादनं विचारलं. "पडला ना एकदा? आता मोकळी झाली की वाट."

"त्ये उद्या सकाळी कळंल."

"रविवारी लोक येतायत. त्यांना काय सांगू?"

"या म्हनावं. खराटा आडवा नसंल तर जावा. आसंल तर बसा. च्या हाय ह्याच्याकडं."

"तसं लिहीन मी. आतल्या वळणाचं खोडतो. नक्की खोडतो." त्यानं वही उघडली. घाटाचं पान काढलं. बाकी सगळे रकाने भरलेले होते, एक मोकळा होता. त्यानं पेन धरलं आणि गेनूबाकडं बघितलं. आवाज आता अगदी लहान पोराचा झाला होता.

"पण वेळ लिहावाच लागतो, आजोबा. लोक आधी तोच बघतात. हा घाट उतरायला किती वेळ लागतो, म्हणून लिहू?"

गेनूबा कड्याकडं बघत होता.

"मला एकतीस वर्सं झाली," तो म्हणाला. "अजून निम्म्यातच हाय."

निनादचं पेन कागदावर टेकलेलं होतं. ते त्यानं उचललं. रकाना मोकळाच ठेवून वही मिटली. मग सायकल हातात धरून तो खिंडीच्या चढाला लागला.