दोन कच्चे लिंबू

वेळूच्या बनाला लागून एक घर होतं, आणि त्या घरात तीन वर्षांत एकही पुरी टोपली विणून झाली नव्हती. तुम्ही म्हणाल, असं कसं? सांगते, जरा मांडी घालून बसा.

त्या घरात दोन भाऊ राहायचे. थोरला म्हादू, धाकटा सोपान. दोघं बांबूच्या टोपल्या विणायचे. म्हादू बूड विणायचा, सोपान त्यावर बाजू चढवून काठ बांधायचा. लाल, हिरव्या, पिवळ्या पट्ट्यांच्या त्या टोपल्या बाजारात मांडल्या की दुपारच्या आत संपायच्या.

मग एका पाडव्याला, फराळ झाल्यावर, दोघं अंगणात पट खेळायला बसले. कोळशाने आखलेली पंचवीस घरं, फाशांच्या जागी फोडलेले चिंचोके, आणि सोंगट्या म्हणून रंगीत खडे. ज्या घरात फुली, तिथली सोंगटी मारायची नाही, हा नियम. म्हादूची सोंगटी फुलीच्या घराच्या रेषेवर होती. म्हादू म्हणाला, घरात आहे. सोपान म्हणाला, बाहेर आहे, आणि त्याने ती मारली. झालं. एवढ्यावरून दोन मिशीवाल्या माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. मला विचारलं असतं तर मी दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला असता, पण मला कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून म्हादू नुसती बुडं विणायचा आणि सोपान नुसत्या बाजू. आता नुसतं बूड कोण घेणार? एका बाईने पापड वाळवायला नेलं, तेवढीच काय ती विक्री. एकाने सोपानची बिनबुडाची टोपली कोंबडी झाकायला नेली. कोंबडी वरून उडून गेली आणि तो टोपली परत करायला आला. घरात चुलीवर भाकरी एकच व्हायची आणि सहा जणांत वाटली जायची.

म्हादूची मुलगी इंदुली. आठ वर्षांची, टपोऱ्या डोळ्यांची. तिच्या झग्याला इतकी रंगीबेरंगी ठिगळं होती की मूळ झगा कोणता ते तिच्या आईलाही सांगता येत नसे. तिचं काम निरोप पोचवायचं.

"इंदुली, काकांना विचार, कोयता कुठे आहे?" बाबा म्हणायचे. काका हातभरावर बसलेले असायचे.

"इंदुली, बाबांना सांग, खुंटीला आहे," काका म्हणायचे.

इंदुली एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे. बिचारीची मान दुखायची.

आणि एक दिवस काकांनी तिला नवा निरोप दिला. "बाबांना सांग, आम्ही उद्या सकाळी गोदीच्या मामाच्या गावी चाललो. कायमचे."

गोदी म्हणजे काकांची सहा वर्षांची मुलगी. ती इंदुलीची करंगळी धरल्याशिवाय झोपत नसे. इंदुलीने निरोप सांगितला, बाबांनी मान फिरवली, आणि इंदुली चिंचा वेचायच्या निमित्ताने बनाकडे पळाली, कारण तिला रडू येत होतं आणि रडण्याचा निरोप कोणाला द्यायचा हे तिला माहीत नव्हतं.

बनाच्या मधोमध चिंचेचं मोठं झाड होतं. पोपटी कोवळी पालवी, पिवळी-गुलाबी इवली फुलं, आणि पानापानांतून गळणारी सोनेरी उन्हाची नाणी. तिथे तिच्याआधीच कोणीतरी रडत होतं. सगळ्यात खालच्या फांदीवर वीतभर उंचीची एक परी बसली होती. पंख मोरपंखी, झगा लिंबाच्या सालीसारखा पिवळाधम्मक, पायांत दवाचे पैंजण. तिच्यासमोर पानावर आखलेला इवलासा पट होता.

"तुला काय झालं गं?" इंदुलीने स्वतःचे डोळे पुसून विचारलं.

"मी उजव्या हाताची डाव्या हाताशी खेळते," परी मुसमुसत म्हणाली. "डावा हात लबाडी करतो. शंभर वर्षं झाली, मला दुसरा भिडूच नाही. तू खेळशील? मला हरवलंस तर एक इच्छा पुरी करीन. पण नियम आहेत हं. मुठीत मावेल एवढंच मागायचं. आणि माणसांची मनं फिरवून मागायची नाहीत, ते आमच्यात चालत नाही. तिसरा नियम मी विसरले. आठवला की सांगते."

एक इच्छा. गोदी इथेच राहील अशी काहीतरी. ती पटासमोर बसली आणि जीव लावून खेळू लागली. परीला शंभर वर्षांत खेळ काही आला नव्हता. ती फासे टाकण्याआधी त्यांच्यावर फुंकर घालायची, तीन पडले की चार मोजायची, आणि पकडली गेली की पंखांत तोंड लपवायची. बघता बघता इंदुलीच्या शेवटच्या सोंगटीला जिंकायला फक्त एक घर राहिलं.

तेवढ्यात परीची हनुवटी थरथरली. मोरपंखी पंख विझत विझत राखाडी झाले. पैंजणातलं दव सुकलं. "मी कधीच हरले नव्हते," ती बारीक आवाजात म्हणाली. "हरताना असं होतं होय?"

इंदुलीने हातातले चिंचोके बघितले. टाकले की इच्छा मिळणार. मग तिने परीचे राखाडी पंख बघितले आणि चिंचोके खाली ठेवले.

"तू कच्चा लिंबू," ती म्हणाली.

"मी लिंबू?"

"आमच्याकडे जो अगदी लहान किंवा नवा असतो ना, त्याला कच्चा लिंबू म्हणतात. तो सगळ्यांबरोबर खेळतो, पण त्याचं हरणं धरत नाहीत. तू हरली नाहीस. आपण नुसत्या खेळलो."

"पण मग मी हरलेच नाही, तर तुला इच्छा कशी मिळणार?"

"नाही मिळणार," इंदुली म्हणाली, आणि आता मात्र तिला खरंच रडू फुटलं. रडता रडता तिने पाडवा, रेषेवरची सोंगटी, बुडं, बाजू आणि गोदीला घेऊन जाणारी उद्याची बैलगाडी, सगळं सांगून टाकलं.

परी ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा एक पंख निळा झाला, मग दुसरा हिरवा. "शंभर वर्षांत माझ्यासाठी कोणी डाव सोडला नव्हता," ती म्हणाली. "इच्छा माझी आहे, मी कोणालाही देईन. माग. मुठीत मावेल एवढं."

इंदुलीने खूप विचार केला. "असा खेळ दे, ज्यात भांडण होत नाही."

"तसा खेळ तिन्ही लोकांत नाही गं. मी एकटी खेळते तरी भांडण होतं." मग परीने चार चिंचोके उचलले आणि तिच्या मुठीत ठेवले. ते काजव्यांसारखे लुकलुकत होते. "हे घे. घरातली सगळी समोर बसली तरच हे खाली पडतात. बाकीचं तुझं तू बघ. लिंबाची युक्ती तुझ्याकडे आहेच."

ऊन अजून अंगणात होतं तोवर इंदुली घरी पोचली. काका गाठोडं बांधत होते. तिने कोळशाने पट आखला, सगळ्यांना हाताला धरधरून आणलं आणि चिंचोके टाकले. ते हवेतच लटकून राहिले. काकू तेवढ्या अजून पीठ चाळत होत्या, त्या चाळण बाजूला ठेवून येऊन बसल्या तेव्हा कुठे चिंचोके पडले. ते बघून काकांच्या हातातलं गाठोडं गळून पडलं.

"एकच डाव," इंदुली म्हणाली. "बाबा आणि काका कच्चे लिंबू. त्यांचं हरणं धरायचं नाही."

"मी कच्चा लिंबू?" बाबा म्हणाले. त्यांची मिशी फुरफुरली.

"तीन वर्षं मोठ्या माणसांसारखं खेळून काय झालं ते बघितलं," इंदुलीची आई म्हणाली. "बसा मुकाट्याने."

दोन्ही लिंबं बसली. आधी तेच सुरू झालं. "इंदुली, काकांना सांग, तीन पडले." "इंदुली, बाबांना सांग, दिसतंय." गोदी खुदुखुदू हसत होती. मग काकांना चार पडले आणि ते नेमकी चुकीची सोंगटी उचलायला गेले.

"सोपान, ती नको, ही हलव," बाबा म्हणाले.

"बरं, दादा," काका म्हणाले आणि त्यांनी ती हलवली.

इंदुलीने तोंड उघडलं होतं निरोप सांगायला, ते तसंच उघडं राहिलं. काका मान खाली घालून बसले होते आणि त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. त्यांची सोंगटी फुलीच्या घराच्या रेषेवर थांबली होती, अर्धी आत, अर्धी बाहेर.

बाबांनी फासे टाकले. दोन पडले. नेमकी ती सोंगटी मारायला लागतात तेवढेच.

बाबांनी वाकून रेष बघितली. बराच वेळ बघितली. "घरात आहे," ते म्हणाले. "मारता येत नाही."

"कुठे घरात? चांगली बाहेर आहे," काका म्हणाले. "मार तू, दादा."

"मी नाही मारणार. घरात आहे."

"अरे बाहेर आहे म्हणतोय ना मी. माझी सोंगटी, मला कळत नाही होय?"

आणि दोघं पुन्हा भांडायला लागले, पण या वेळी तोंडाने, समोरासमोर, आणि डोळ्यांत पाणी आणून. काकूंनी उठून गाठोडं सोडलं आणि भांडी परत फळीवर लावली. गोदीने इंदुलीची करंगळी धरली.

तेवढ्यात कुंपणावर लखलखलं. परी तिथे बसली होती, सगळ्या अंगाने चमकत. "इंदुली, तिसरा नियम आठवला," ती म्हणाली. "इच्छा पुरी झाली की मला जावं लागतं." तिची हनुवटी जराशी थरथरली. "पुन्हा आले तर मला घ्याल ना खेळायला? कच्चा लिंबू म्हणून?"

"कधीही ये," इंदुली म्हणाली.

मग पिवळा, निळा, जांभळा, सोनेरी असा उजेड अंगणभर सांडला, आणि तो ओसरला तेव्हा कुंपणावर दवाचे दोन थेंब तेवढे होते.

दुसऱ्या दिवशी म्हादूने बूड विणलं, सोपानने बाजू चढवल्या, आणि तीन वर्षांनी पहिली पुरी टोपली बाजारात गेली. आता त्या घरात रोज संध्याकाळी डाव मांडतात. शेजारीपाजारीही येतात. पटाच्या कडेला एक लिंबाच्या रंगाचा खडा नेहमी ठेवलेला असतो, त्याला कोणी हात लावत नाही. कधीकधी तो आपोआप पुढे सरकतो. तीन पडले की चार घरं जातो. सगळ्यांना दिसतं, पण त्याला कोणी काही म्हणत नाही.