ताळ्याच्या वशाची कहाणी

ऐका ताळेश्वरी माते, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं. तिथं राजाचा कर होता. दर आषाढात कराचं विवरण भरावं लागे. नगरात द्वारका मास्तरीण होती, शाळेत गणित शिकवी. पोरांना म्हणे, "उत्तर आलं म्हणून नाचू नका, आधी ताळा करा." पण घरी तिचं विवरण दीर भरी. दीर म्हणे, "वैनी, इथं सही करा." मग ती करी. वाचत नसे, विचारत नसे.

पहिल्या वर्षी दिरानं ठेवींचं व्याज दाखवलं नाही. दुसऱ्या वर्षी खात्याचा आकडा चुकवला, परतावा आलाच नाही. तिसऱ्या वर्षी कर वाचावा म्हणून खोट्या भाडेपावत्या लावल्या. मग नोटीस आली, ती द्वारकेच्या नावानं. गावभर झालं, मास्तरीण लबाड. वर्गातली पोरं कुजबुजली. तिला अन्न गोड लागेना. घरचे म्हणाले, "सही तुझी, चूक तुझी."

मग ती कचेरीत गेली. पायरीवर बाया कागद मांडून बसलेल्या. "बायांनो बायांनो, कसला वसा वसता?" "ताळ्याचा." "तो मला सांगा." "तुला गं कशाला? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील." "उतणार नाही, मातणार नाही. सही माझी, तर हातही माझाच!"

"मग ऐक. ज्येष्ठातच कागद काढावे, शेवटच्या तारखेची वाट पाहू नये. मिळकत सगळी मांडावी, व्याजाचा रुपया झाकू नये. नाव, पॅन, खातं तीनदा वाचावं. वाचल्यावाचून सही करू नये. भरलं म्हणजे झालं नाही, पडताळणी केल्यावाचून पाटावरून उठू नये."

द्वारकेनं जुन्या चुका कबूल केल्या, कर भरला, दंड सोसला. शाळेत पोरांपुढं उभी राहिली. म्हणाली, "बाळांनो, ताळा मीच केला नव्हता."

पुढला आषाढ आला. दीर म्हणाला, "पावत्या लावा, सगळे लावतात." "राहते स्वतःच्या घरात, भाडं काय भिंतींना देऊ?" सासू म्हणाली, "घरचा पुरुष शहाणा की तू?" "ज्याचा ताळा जुळेल तो." नवरा म्हणाला, "लोक काय म्हणतील?" "म्हणायचं ते म्हणून झालं." मग पाटावर बसली, स्वतः भरलं, पडताळलं, तेव्हाच उठली. परतावा आला, नोटीस आली नाही.

नोटीस आली दिराला. हात जोडून आला, "वैनी, तुम्हीच भरा, मी सही करतो." द्वारकेनं कागद त्याच्याच पुढं सारला. "आधी वाचा, भाऊजी."

जशी द्वारकेला ताळेश्वरी पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. ही साठा उत्तरांची कहाणी, पाचा उत्तरी, ताळा जुळून सुफळ संपूर्ण.