सुभानाची गाडी

भोकरीच्या घाटात माल नसलेल्या गाडीला कुणी रिकामी म्हणत नाही. "सुभाना बसलाय," एवढंच म्हणतात. घाट उतरल्यावर टेम्पोवाला थांबतो, मागच्या फाळक्यावर थाप मारतो, काहीतरी पुटपुटतो आणि निघतो. पाहुणे हसले की घाटाखालचे चहावाले मुळीकआबा ही हकिकत सांगतात. त्यांना मात्र हसू येत नाही.

सुभाना गाडीवान, म्हणे, गुळाच्या ढेपा घाटावर पोचवून परत निघाला होता. घरी बायको येसाई आणि अजून बारसंही न झालेलं लेकरू. त्याला घराची ओढ लागलेली. दिवेलागणीला एका वळणावर मागून कुणीतरी विचारलं, "गाडी रिकामी हाय का?"

मागं न बघताच तो म्हणाला, "रिकामीच हाय की. बसा."

बसवलेल्याला ठिकाणी पोचवायचं, आणि गाडीवान उतरल्याशिवाय त्यानं उतरायचं नाही, अशी तेव्हाची रीत होती.

गाडी करकरली. उतार असूनही बैल चढणीला लागल्यासारखे वाकले, त्यांच्या तोंडाला फेस आला. सुभानानं वळून पाहिलं. गाडीत कुणी नव्हतं. अंथरलेला कडबा मात्र दबला होता.

"घरी ल्हान लेकरू हाय न्हवं?" मागून आवाज आला. "तितंच उतरू."

शेवटच्या वळणावर सुभानानं गाडी थांबवली. जमिनीला पाय न लावता, पुढं पालथं पडून त्यानं बैल सोडून दिले आणि तो गाडीतच बसून राहिला.

नुसतेच बैल घरी आलेले पाहून येसाई कंदील घेऊन धावली. सुभाना दोन्ही हातांनी गाडीचा कठडा धरून बसला होता.

"येसे, जवळ यिऊ नको. मी उतारलो तर ह्येबी उतरंल."

नवरा हाताच्या अंतरावर, आणि घरी लेकरू. येसाईनं काळजावर दगड ठेवला आणि ती म्हणाली, "उतरू नका, धनी."

उजाडलं तेव्हा तिथं गाडी नव्हती, सुभानाही नव्हता. येसाई मरेपर्यंत रोज तिन्हीसांजेला त्या वळणावर येऊन तेच सांगायची, असं सांगतात.

आजही फाळक्यावर थाप मारून टेम्पोवाले तिचंच वाक्य म्हणतात. परवा मुळीकआबांना नातू झाला. तेव्हापासून मोकळी गाडी घाट उतरली की ते चहा उकळता टाकून उठतात, आणि स्वतः जाऊन थाप मारून येतात.